हायलोनोमस ते पहिला डायनोसॉर: मधली साडेआठ कोटी वर्षं भिंतीवर कशी मांडायची?

व्हरांडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांसाठी शाळेच्या भिंतीवर एक लांब कागदी पट्टी लावायची आहे. विषय आहे डायनोसॉर येण्याआधीचे सरीसृप. कच्चा आराखडा असा आहे: डावीकडे हायलोनोमस (सरड्यासारखा, फार जुना सरीसृप), मग डायमेट्रोडॉन (पाठीवर शीड असलेला), मग 'थेकोडोंट' आणि उजवीकडे पहिला डायनोसॉर. प्रत्येकाच्या मध्ये बाण. इथे अडलंय:

१. डायमेट्रोडॉन डायनोसॉरचा पूर्वज धरायचा का? एका तक्त्यात तसा दाखवलाय, दुसऱ्या तक्त्यात तो सस्तन प्राण्यांच्या रांगेत आहे.
२. 'थेकोडोंट' हा शब्द जुन्या पुस्तकांत पानोपानी येतो, नव्या लेखांत सापडत नाही. कुठे गेला?
३. प्रमाण काय धरावं? सलग भिंत साडेतीन मीटर आहे.
४. भारतातलं, जमल्यास विदर्भाच्या आसपासचं, खात्रीचं काही दाखवता येईल का?

मुलांनी हाड बघून स्वतः ओळखावं असं काही असेल तर जरूर सांगा. नावं पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

---

अश्मक

आधी बाण काढून टाका. बाण ठेवलेत की बाकी सगळं बरोबर असूनही चित्र चुकतं. हे चार प्राणी एकामागोमाग एक झालेल्या चार पायऱ्या नाहीत, एकाच झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर ते बसलेत. बाणांऐवजी दोन रंगांचे दोरे घ्या. कुठला रंग कुणाचा ते पुढे सांगतो.

प्रमाण १ सें.मी. = १० लाख वर्षं ठेवा आणि मोजायला सुरुवात उजव्या टोकापासून, म्हणजे 'आज'पासून करा. याचं कारण व्यवहारातलं आहे. डावीकडची सुरुवात अजून मागे सरकते आहे. डावीकडून मोजलंत तर एखादा नवा, जुना जीवाश्म मिळाला की सगळ्या खुणा खोडाव्या लागतील. उजवीकडून मोजलं की प्रत्येक खूण जागच्या जागी राहते. मुख्य खुणा, उजव्या टोकापासून:

६६ सें.मी. – पक्षी सोडून बाकी डायनोसॉरांचा शेवट
२०१ सें.मी. – ट्रायासिक काळाच्या (२५२ ते २०१ सें.मी.) अखेरचा विनाश
२३१ सें.मी. – अर्जेंटिनातल्या इस्चिगुआलास्तोचे हेररासॉरस, इओरॅप्टर. ज्यांना निःशंकपणे डायनोसॉर म्हणता येतं अशांतले हे सर्वांत जुने
२४५ सें.मी. – टेलिओक्रेटर (याच्याबद्दल खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच)
२५२ सें.मी. – पर्मियन, म्हणजे ट्रायासिकच्या लगेच आधीच्या काळाच्या अखेरचा महाविनाश
२७२ ते २९५ सें.मी. – डायमेट्रोडॉन
३०६ सें.मी. – आर्किओथायरिस
३१५ सें.मी. – हायलोनोमस

आपली माणसाची जात साधारण ३ लाख वर्षांची, म्हणजे उजव्या टोकाचे शेवटचे ३ मि.मी. ते टोकदार पेन्सिलीनेच काढावे लागतील.

अशा पट्ट्यांत नेहमी होणारी चूक म्हणजे चित्रं पट्टीवरच चिकटवणं. चित्राची रुंदी १५-२० सें.मी. असते, म्हणजे दीड-दोन कोटी वर्षं एका चित्राखाली झाकली जातात आणि डायमेट्रोडॉन डायनोसॉरच्या शेजारी जाऊन बसतो. प्रत्यक्षात शेवटचा डायमेट्रोडॉन आणि इस्चिगुआलास्तो यांच्यात ४१ सें.मी.चं अंतर आहे. चित्रं पट्टीच्या खाली लावा आणि प्रत्येक चित्रापासून बारीक दोरा वर खुणेपर्यंत न्या.

आता डायमेट्रोडॉन. तो डायनोसॉरचा पूर्वज नाही. सुटसुटीत व्याख्या धरली तर तो सरीसृपसुद्धा नाही. पाण्याबाहेर अंडी घालता येतील असा गर्भ, म्हणजे भोवती स्वतःच्या पाण्याची पिशवी असलेला गर्भ, ज्या प्राण्यांत पहिल्यांदा आला, त्यांचे लवकरच दोन वंश झाले. एका वंशातून पुढे सस्तन प्राणी आले, त्याला सायनॅप्सिड म्हणतात. दुसऱ्यातून सरडे, साप, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी आले. डायमेट्रोडॉन पहिल्या वंशातला. पाठीवर शीड असलेला तो प्राणी आपल्या गोतातला आहे, पालीच्या नाही. जुन्या पुस्तकांत या गटाला 'सस्तनसदृश सरीसृप' म्हणायचे. ते नाव आता वापरू नका, कारण त्यावरून हे प्राणी आधी सरीसृप होते आणि मग सस्तन झाले असं वाटतं.

वंश फुटले ती वेळ पट्टीच्या अगदी डाव्या टोकाजवळ येते. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात जॉगिन्स इथे समुद्राकाठी कोळशाच्या काळातले कडे आहेत. तिथे सिजिलारिया जातीच्या झाडांचे उभेच्या उभे पोकळ बुंधे दगड झालेत. विल्यम डॉसन यांना अशाच बुंध्यांच्या पोटात वीसेक सें.मी. लांबीच्या, सरड्यासारख्या प्राण्याची हाडं मिळाली आणि १८६० मध्ये त्यांनी त्याला हायलोनोमस नाव दिलं. त्याच प्रांतातला आर्किओथायरिस त्याच्यापेक्षा ९० लाख वर्षांनी अलीकडचा, पण तो सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे आपल्या वंशातला. तेव्हा ३०६ सें.मी.च्या खुणेवर दोन्ही दोरे आधीच वेगळे झालेले दिसले पाहिजेत. आपल्या वंशाला निळा दोरा, सरीसृपांना लाल.

आणि एक. निळा दोरा पर्मियनभर जाड ठेवा. त्या काळात जमिनीवर मोठे प्राणी बहुतांशी निळ्या दोऱ्याचे होते: दक्षिण आफ्रिकेतल्या कारूचे आणि रशियातले सुळेदार गॉरगोनॉप्सिड, चोचीचे डायसिनोडॉन्ट. लाल दोऱ्यावर पॅरियासॉर हे अवजड शाकाहारी होते हे खरं, पण डायनोसॉरकडे जाणारी लाल दोऱ्याची फांदी तेव्हा बारीक होती. तिच्यातला जर्मनीचा प्रोटोरोसॉरस जेमतेम दोन मीटरचा. रशियातला आर्कोसॉरस महाविनाशाच्या अगदी आधीचा. म्हणजे महाविनाशानंतर ज्यांचं राज्य आलं त्यांचा वंश आधीच तयार होता, रिकामी जागा नंतर झाली.

---

गुंफा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. थेकोडोंट म्हणजे खोबणीत दात असलेले. १८५९ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी हा गट केला. गोम अशी की खोबणीतले दात मगरींनाही असतात, डायनोसॉरांनाही असतात. मग 'थेकोडोंट' कोण, तर खोबणीत दात असलेले पण मगर नाही, डायनोसॉर नाही, टेरोसॉर (उडणारे सरीसृप) नाही असे उरलेले सगळे. कोण नाही एवढ्यावर बांधलेला गट वंश सांगत नाही, म्हणून तो मोडीत निघाला. पट्टीवर त्या जागी 'आर्कोसॉरिफॉर्म' (मगरी, डायनोसॉर आणि त्यांचे जवळचे नातलग) लिहा, किंवा सरळ प्राण्यांची नावं लिहा. मुलांना दुसरंच सोपं जाईल.

हाताने करून बघण्यासारखं कवटीत आहे. साहित्य: जाड पुठ्ठा, कात्री, काळा कागद. बाजूने दिसणाऱ्या, २५ सें.मी. लांबीच्या तीन कवट्या कापा. तिन्हीत डोळ्याचं भोक एकसारखं, साधारण ४ सें.मी.चं. फरक डोळ्याच्या मागे, कानशिलात.

पहिली कवटी: डोळ्यामागे काही नाही, सलग हाड. हायलोनोमस, कॅप्टोरायनस.
दुसरी: डोळ्यामागे खालच्या बाजूला एकच भोक. डायमेट्रोडॉन आणि निळा दोरा सगळा.
तिसरी: डोळ्यामागे दोन भोकं, एक खाली गालाकडे, एक वर टाळूकडे, मध्ये हाडाची पट्टी. मगरी, डायनोसॉर, तुआतारा (न्यूझीलंडचा सरड्यासारखा सरीसृप).

मग मुलांना स्वतःच्या कानशिलावर बोटं ठेवून दात घट्ट आवळायला सांगा. बोटांखाली जो स्नायू फुगतो तो गालाच्या कमानी हाडाच्या आतून खाली जबड्याला जातो. ती कमान म्हणजे त्या एकाच भोकाची खालची कड. डायमेट्रोडॉनचं भोक प्रत्येक मुलाच्या डोक्याला आहे. हे कळल्यावर 'तो आपल्या गोतातला' हे वाक्य वेगळं समजवावं लागत नाही.

यात कुठे चुका होतात तेही सांगून ठेवतो.

कासव. त्याच्या कवटीत कानशिलाला भोक नसतं, म्हणून ते बराच काळ पहिल्या कवटीच्या गटात धरलं जायचं. पण जर्मनीत मिळालेल्या २४ कोटी वर्षं जुन्या पापोकेलिसला (२०१५ मध्ये नाव दिलं) डोळ्यामागे भोकं आहेत. म्हणजे कासवांच्या पूर्वजांना ती होती, पुढे बुजली. जनुकांवरूनही कासवं मगर-पक्ष्यांच्या जवळची ठरतात. भोक नसणं ही दोन वेगळ्या रस्त्यांनी येणारी अवस्था आहे.

सरडा. त्याच्या खालच्या भोकाची खालची पट्टी तुटक असते, त्यामुळे मोजायला गेलं तर एकच भोक भरतं. मुलं त्याला निळ्या दोऱ्यावर टाकतील. वरचं भोक आहे का ते आधी बघायला सांगा.

फुटका दगड. दबलेल्या कवटीत हाड तुटून पडलेलं भोक आणि खरं भोक यांत घोळ होतो. खऱ्या भोकाची कड गुळगुळीत, गोलाई धरलेली असते आणि ती ठरावीक हाडांच्या सांध्यावर येते. तुटलेली कड खरबरीत असते आणि हाडाच्या मधूनच जाते.

चौथी कवटी करायची असेल तर ती प्रोटेरोसुकसची करा, महाविनाशाच्या लगेच नंतरची, दक्षिण आफ्रिकेतली. दोन भोकांशिवाय नाकपुडी आणि डोळा यांच्या मध्ये एक आणि खालच्या जबड्याच्या मागच्या भागात एक अशी आणखी दोन भोकं कापा. दात करवतीसारख्या कडेचे. वरच्या जबड्याचं टोक खाली आकड्यासारखं वळलेलं, खालच्या जबड्याच्या पुढे लोंबणारं. ही भोकं एकदम आली नाहीत. ब्राझीलच्या तेयुजाग्वाला (२०१६) जबड्याचं भोक आणि करवती दात आहेत, पण डोळ्यापुढचं भोक नाही. क्रम दाखवायला याहून चांगला प्राणी नाही.

---

व्हरांडा

खूप आभार. उजवीकडून मोजायचं सुचलंच नव्हतं. पुढची शंका: प्रोटेरोसुकसपासून पुढे मगरींची फांदी आणि डायनोसॉर-पक्ष्यांची फांदी वेगळ्या होतात ना? दोघांच्याही कवटीला सगळी भोकं असतील तर हाड बघून कुठली फांदी ते कसं ठरवायचं? पुस्तकात 'घोट्यावरून' एवढंच लिहिलंय.

---

प्राणहिता

घोट्यावरून, हे बरोबर आहे. पण त्या घोट्यानेच अलीकडे सगळ्यांना पुन्हा विचार करायला लावलाय, म्हणून हे जरा सावकाश घेऊ.

कोंबडीपासून सुरुवात करा. चिकनच्या दुकानात पंजे वेगळे करून देतात. सुरी जिथे चालते तो सांधा म्हणजे कोंबडीचा घोटा. लोक त्याला गुडघा समजतात आणि 'पक्ष्यांचा गुडघा मागे वाकतो' म्हणतात. खरा गुडघा वर, तंगडीच्या जाड टोकाशी असतो. दुकानदाराला एक पाय पंजासकट, न तोडता मागा. पाऊण तास उकडा, मांस सोडवा आणि तो सांधा हाताने हलवून बघा. बिजागरीसारखा पुढे-मागे हलतो, बाजूला वळत नाही.

आता तंगडीच्या खालच्या टोकाची गोल, मधे खाच असलेली गुंडी बघा. ती नडगीची वाटते, पण मुळात ती घोट्याच्या वरच्या ओळीतली हाडं आहेत: एक आतल्या बाजूचं, ॲस्ट्रॅगॅलस, आणि एक बाहेरच्या बाजूचं, टाचेचं हाड. पक्ष्यात दोन्ही नडगीला कायमची जोडली जातात. दुकानातली कोंबडी दीड-दोन महिन्यांची कोवळी असते, म्हणून उकडल्यावर हा टोपीसारखा भाग कधीकधी नडगीपासून सुटून येतो. सुटला तर जपून ठेवा, ह्याहून चांगला नमुना मिळणार नाही. घोट्याची खालची ओळ पंज्याच्या हाडाला जोडलेली असते. म्हणजे हलणारी रेघ वरच्या आणि खालच्या ओळीच्या मधून, सरळ आडवी जाते. डायनोसॉर आणि टेरोसॉर यांचा घोटा याच धर्तीचा.

मगरीत तसं नसतं. तिथे ॲस्ट्रॅगॅलस नडगीबरोबर राहतं, टाचेचं हाड मात्र पावलाबरोबर हलतं. ॲस्ट्रॅगॅलसला एक खुंटी आणि टाचेच्या हाडात तिला बसणारी खोबण. हलणारी रेघ या दोन हाडांच्या मधून वाकडी जाते. टाचेचं हाड मागे आलेलं असतं, त्याला पोटरीचे स्नायू ओढतात. त्यामुळे मगर पाय पसरून सरपटूही शकते आणि अंग उचलून चालूही शकते.

मातीचे दोन गोळे घेऊन हे वर्गात दाखवता येतं. एका गोळ्याला अंगठ्याएवढी खुंटी काढा, दुसऱ्यात तेवढाच खळगा. खुंटी खळग्यात बसवून फिरवली की मगर. दोन्ही गोळे एका काठीला घट्ट चिकटवून खाली दुसरी काठी हलवली की कोंबडी.

बरीच वर्षं निकाल असा होता: खुंटी-खोबण दिसली की मगरींची फांदी, सरळ बिजागरी दिसली की पक्ष्यांची फांदी. मग टेलिओक्रेटर आला. त्याची हाडं टांझानियातल्या मांडा थरांत १९३३ मध्ये रेक्स पॅरिंग्टन यांना मिळाली होती. ॲलन चॅरिग यांनी १९५०च्या दशकात त्यांचा अभ्यास करून नाव योजलं. पण त्या साठ्यात नेमकी घोट्याचीच हाडं नव्हती, आणि घोट्याशिवाय फांदी ठरेना. पुढे २०१५ मध्ये त्याच भागात पुन्हा खोदकाम झालं, राहिलेले भाग मिळाले आणि २०१७ मध्ये नाव रीतसर प्रसिद्ध झालं.

मिळालं काय? दोन ते तीन मीटर लांब, लांब मानेचा, चार पायांवर चालणारा मांसाहारी प्राणी. कवटीच्या छतावर, कानशिलाच्या वरच्या भोकापुढे जबड्याच्या स्नायूचा खळगा आहे. हा खळगा आधी डायनोसॉरांची खूण मानला जायचा. मांडीचं हाडही पक्ष्यांच्या फांदीकडे बोट दाखवतं. आणि घोटा? मगरीसारखा, खुंटी-खोबणीचा.

याचा अर्थ असा की खुंटी-खोबणीचा घोटा ही मगरींच्या फांदीची मिरास नव्हे. दोन्ही फांद्यांच्या सामाईक पूर्वजाकडेच तो असावा. मगरींनी जुना घोटा राखला, पक्ष्यांच्या फांदीने तो पुढे कधीतरी बदलून बिजागरी केला. तेव्हा तुमच्या तक्त्यावर लिहा: बिजागरी घोटा दिसला तर पक्ष्यांची फांदी. खुंटी-खोबण दिसली तर एकट्या घोट्यावर निकाल देऊ नका.

आणि आता आपल्याकडची गोष्ट. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, तेलंगणात, येरापल्ली नावाचा लाल चिखलदगडाचा थर आहे, मध्य ट्रायासिकचा. त्यातल्या एका प्राण्याचं यारासुकस डेक्कनेन्सिस हे नाव २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा त्याला मगरींच्या फांदीत टाकलं होतं. २०१७ मध्ये टेलिओक्रेटर पूर्ण कळल्यावर दिसलं की यारासुकस त्याच्याच जवळचा आहे, म्हणजे पक्ष्यांच्या फांदीच्या अगदी बुडाशी. हाडं तीच, बदललं ते घोट्याकडे बघण्याचं गणित. विदर्भाच्या शाळेने पट्टीवर एकच भारतीय प्राणी लावायचा ठरवलं तर माझं मत याला.

उकडलेल्या कोंबडीचा कमरेचा सांगाडा टाकू नका. मांडीचं हाड बसतं ती वाटी उजेडासमोर धरा, आरपार दिसेल. आरपार वाटी ही डायनोसॉरांची ठळक खूण आहे. मगरीची वाटी जवळपास बंद असते.

---

लालमाती

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण एका खुणेवर निकाल देण्याची सवय कवटीबाबतही नको. मगरींच्या फांदीत पोपोसॉरॉइड नावाचा गट होता. त्यातले काही दोन पायांवर चालायचे, दात गळून चोच आलेली, मान लांब. टेक्ससचा शुवोसॉरस १९९३ मध्ये शंकर चटर्जी यांनी शहामृगासारखा डायनोसॉर म्हणून वर्णिला. कवटी खरोखरच तशी दिसते. त्याचा जवळचा नातलग एफिजिया न्यू मेक्सिकोतल्या घोस्ट रँचच्या, १९४०च्या दशकात काढून ठेवलेल्या दगडी ठोकळ्यातून बाहेर आला आणि २००६ मध्ये त्याला नाव मिळालं. त्याचा सांगाडा बराच पूर्ण होता, घोटा मगरीच्या धर्तीचा होता. तेव्हा शुवोसॉरसही मगरींच्याच फांदीत गेला. नुसत्या कवटीवर विसंबलं की काय होतं याचा हा नमुना. दोन पायांवर चालणं, चोच, लांब मान हे वेगवेगळ्या फांद्यांनी आपापलं मिळवलेलं आहे.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पट्टीवर २३१ सें.मी.ला पहिले डायनोसॉर आले की मुलं म्हणणार, 'इथून डायनोसॉरांचं राज्य.' तसं नाही. २३१ पासून २०१ पर्यंतच्या ३० सें.मी.त मगरींची फांदी जास्त भरलेली होती. इस्चिगुआलास्तोमध्येच इओरॅप्टर जेमतेम सव्वा-दीड मीटरचा, आणि त्याच मातीत मगरींच्या फांदीतला सॉरोसुकस सहा-सात मीटरचा. शिवाय रिंकोसॉर हे चोचीचे शाकाहारी तिथे मुबलक. राज्य बदललं ते २०१ सें.मी.ला. मध्य अटलांटिकच्या जागी प्रचंड लाव्हा बाहेर पडला, हवामान कोलमडलं, आणि मगरींच्या फांदीतून आजच्या मगरींकडे जाणारी एक डहाळी सोडली तर जवळजवळ सगळे गेले. डायनोसॉर वरचढ होते म्हणून जिंकले, असं ठामपणे लिहू नका.

म्हणून लाल दोऱ्याच्या पुढे दोन फांद्या करा आणि त्यांची जाडी या ३० सें.मी.त मगरींच्या बाजूला जास्त ठेवा. २५२ला निळा दोरा एकदम बारीक करा, पण तोडू नका. लिस्ट्रोसॉरस हा डायसिनोडॉन्ट त्या बारीक दोऱ्यावर बसतो, आणि त्याच दोऱ्याला पुढे आपण लटकलेलो आहोत.

---

गोंडवन

चौथ्या प्रश्नाबद्दल. महाराष्ट्राचा बराच भाग बेसॉल्टचा आहे आणि तो दगड ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. सह्याद्रीत या काळाचं काही शोधू नका, आपला काळ त्याच्या कितीतरी आधीचा आहे. या काळाचे खडक विदर्भाच्या पूर्व-दक्षिणेला उघडे पडतात आणि प्राणहितेपलीकडे तेलंगणात जातात.

खात्रीने दाखवता येतील असे:

नागपूरच्या दक्षिणेकडचं मांगली. इथला ब्रॅकिऑप्स ओवेन यांनी १८५०च्या दशकात वर्णिला. पण तो सरीसृप नाही, चपट्या डोक्याचा उभयचर आहे. बऱ्याच ठिकाणी 'विदर्भातला प्राचीन सरीसृप' म्हणून त्याचं नाव येतं, ते चुकीचं. पट्टीवर घेतलात तर दोन्ही दोऱ्यांच्या बाहेर, वेगळ्या रंगात घ्या.

तेलंगणातलं मलेरी. पॅरासुकस हिस्लोपी हे नाव स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. नागपूरला त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, ते हेच मिशनरी. १८८५ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी नाव दिलं खरं, पण ज्या तुकड्यांवर दिलं त्यात दोन प्राण्यांची सरमिसळ होती. मुस्कटाचा तुकडा खऱ्या पॅरासुकसचा आणि कवटीच्या बुडाचा तुकडा रिंकोसॉरचा, म्हणजे त्याच थरातल्या हायपरोडापेडॉनचा. मलेरीच्या लाल मातीत दोघांची हाडं शेजारी-शेजारी उघडी पडतात, म्हणून हा घोळ. पुढे पूर्ण सांगाडे मिळाल्यावर त्यातला एक नावाचा मूळ नमुना ठरवावा असा अर्ज झाला आणि २००३ मध्ये प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तो मान्य केला. तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेकडे आहे. त्या सांगाड्यांच्या पोटात मलेरीसॉरस नावाच्या लहान सरीसृपाची हाडंही निघाली.

पॅरासुकस मगर नाही, दिसतो मात्र हुबेहूब मगरीसारखा. ओळखायची खूण नाकपुड्या. मगरीच्या मुस्कटाच्या टोकाला असतात, पॅरासुकसच्या डोळ्यांजवळ, वरच्या बाजूला. दोन चित्रं लावून मुलांना फरक शोधायला द्या, लगेच सापडतो.

सातपुड्यातलं डेन्वा. मध्य प्रदेशात, मध्य ट्रायासिकचा थर. शृंगासॉरस इंडिकस, २०१७. तीन-चार मीटरचा शाकाहारी, डोळ्यांवर दोन शिंगं, निदान सात प्राण्यांची हाडं एका जागी. ट्रायसेराटॉप्सशी काही संबंध नाही, तो कितीतरी नंतरचा.

राणीगंजचा पंचेत थर. लिस्ट्रोसॉरस इथेही आहे, कारूतही आणि अंटार्क्टिकातही. तीन भूखंड एकत्र होते हे दाखवायला जगाचा नकाशा कापून जोडा, एवढं पुरे. इथलाच संसारसुकस, प्रोटेरोसुकसच्या जवळचा, २०२३ मध्ये नाव मिळालं. 'संसार' म्हणजे जन्म-मरणाचा फेरा, महाविनाशानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या जीवसृष्टीला धरून.

मुलांना घेऊन सिरोंचा-अहेरीकडे जाणार असाल तर एक विनंती. हाड दिसलं तर उपटू नका. कुठल्या थरातून आलं हे कळलं नाही तर त्याची किंमत संपते. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, मग दहा पावलं मागे जाऊन आजूबाजूच्या उताराचा फोटो, जीपीएसचा आकडा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवणं. सिरोंच्याच्या आसपासची मोठी हाडं बहुधा कोटा थरातली, म्हणजे ज्युरासिकची असतात. ती तुमच्या पट्टीवर २०१च्या उजवीकडे येतील.

---

व्हरांडा

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा पूर्ण बदलला. बाण गेले, दोन दोरे आले, लाल दोऱ्याच्या दोन फांद्या झाल्या, कोंबडीचा पाय आणि चार पुठ्ठ्याच्या कवट्या ठरल्या. शेवटची शंका: अश्मक, 'डावीकडची सुरुवात अजून मागे सरकते आहे' म्हणालात, ते किती? जागा किती सोडू?

---

अश्मक

२०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातून एका दगडाच्या लादीवरच्या पाऊलखुणा प्रसिद्ध झाल्या. बोटांच्या टोकाला नख्यांचे ओरखडे आहेत. खऱ्या नख्या उभयचरांत सहसा नसतात, म्हणून या खुणा पाण्याबाहेर अंडी घालणाऱ्या प्राण्याच्या मानल्या गेल्या. वय सुमारे ३५.५ कोटी वर्षं. म्हणजे ३५५ सें.मी., तुमच्या भिंतीच्या ५ सें.मी. बाहेर.

प्रमाण १० लाख वर्षांना ९ मि.मी. केलंत तर ती खूण ३१९.५ सें.मी.वर येते आणि डावीकडे ३० सें.मी. शिल्लक राहतात. मात्र मग वर दिलेला प्रत्येक आकडा ०.९ ने गुणावा लागेल: हायलोनोमस २८३.५, महाविनाश २२६.८, इस्चिगुआलास्तो २०७.९, ट्रायासिकची अखेर १८०.९. 'सें.मी. म्हणजेच दशलक्ष वर्षं' ही सोय जाते, आणि मुलांना तीच सोय जास्त उपयोगी. मी असतो तर प्रमाण बदललं नसतं. पट्टी भिंतीच्या कोपऱ्यावरून ५ सें.मी. पुढच्या भिंतीवर वळवली असती आणि तिथे फक्त पाऊलखुणांचा ठसा लावला असता, तुटक रेषेत, कारण तिथे पाऊल आहे, हाड अजून नाही. ३५५ ते ३१५ मधला दोराही तुटकच ठेवा.